जुन्या धाटणीची, हाती घडवलेली टेलिकास्टर: पावसाळ्यात नेक, लॅकर आणि वायरिंगचे प्रश्न

सहातारी

१९५२ च्या टेलिकास्टरच्या (फेंडर कंपनीच्या इलेक्ट्रिक गिटारच्या) धर्तीवर हाताने घडवलेली गिटार मार्चमध्ये घेतली. ती तयार झाली घाटावरच्या कोरड्या हवेत, आता असते रत्नागिरीत, समुद्रापासून अर्ध्या किलोमीटरवर. बॉडी अ‍ॅशची, दोन तुकडे जोडलेली. नेक (तारांखालचा दांडा) मेपलच्या एकाच तुकड्याचा, फिंगरबोर्ड वेगळा चिकटवलेला नाही, पाठीवर अक्रोडाची गडद पट्टी. ट्रस रॉडचं, म्हणजे नेकचा बाक सांभाळणाऱ्या आतल्या सळईचं, तोंड बॉडीच्या बाजूला. स्केल (तारेची वाजणारी लांबी) ६४८ मिमी, फिंगरबोर्डच्या गोलाईची त्रिज्या १८४ मिमी, बारीक २१ फ्रेट (फिंगरबोर्डवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या), ब्रिजवर तारा टेकायला पितळेचे तीन सॅडल, बटरस्कॉच रंगावर नायट्रोसेल्युलोज लॅकर. तारा १०-४६ (जाडी इंचाच्या हजाराव्या भागात).

जुलैपासून या अडचणी आहेत:

१. पाचवी आणि सहावी तार पहिल्या चार-पाच फ्रेटवर झणझणते. मार्चमध्ये झणझणत नव्हती.
२. पहिली तार चौदाव्या-पंधराव्या फ्रेटवर बाजूला ओढून एक पूर्ण स्वर चढवली की आवाज मध्येच मरतो.
३. नेकची पाठ चिकट लागते. स्टँडवर टेकते तिथे लॅकरवर ठसा उमटलाय.
४. तीन जागांची कळ मध्ये ठेवली तर दोन्ही पिकअप (तारांचा आवाज उचलणारी चुंबकी वेटोळी) एकत्र वाजत नाहीत, एकटा नेक पिकअप वाजतो. कळ नेकच्या बाजूला टाकली की आवाज घोंगडीखालून आल्यासारखा.
५. अ‍ॅम्पचा गेन वाढवला की ब्रिज पिकअप शिट्टी मारतो.
६. चौथी तार बाराव्या फ्रेटवर सुरात आणली की तिसरी चढी लागते. तिसरी आणली की चौथी उतरते.

कारागिराचं म्हणणं, जुन्या गिटारी अशाच असतात. यातलं रचनेतलं किती आणि दुरुस्त करण्यासारखं किती?

रंधा

४ आणि ६ रचनेतच आहेत, तिथे कारागिराची चूक नाही. २ हा गोलाईचा परिणाम, तो कमी होतो पण पूर्ण जात नाही. १ हवेमुळे. ३ बहुधा स्टँडमुळे आणि घामामुळे. ५ मात्र दोष आहे. १९५२ च्या चांगल्या गिटारीनेही अशी शिट्टी मारू नये, त्यामुळे "जुन्या अशाच असतात" हे उत्तर तिथे मान्य करू नका.

१ आणि २ बद्दल लिहितो, वायरिंगचं जाणकार सांगतील.

लाकूड हवेशी ओलीची देवाणघेवाण करत राहतं. आर्द्रता ४० टक्क्यांवर स्थिर राहिली तर लाकडात साधारण ७-८ टक्के पाणी असतं, ६५ ला १२ च्या आसपास, ८० ला १६ च्या आसपास. लॅकर ही ओल थांबवत नाही, तिचा वेग कमी करतो. म्हणून जूनचा पाऊस नेकवर जुलैत दिसतो. लाकूड लांबीत जवळजवळ वाढत नाही, रुंदीत आणि जाडीत वाढतं. नेकमधल्या रेषा सरळ नसतील किंवा एका बाजूचं लॅकर पातळ असेल तर ही वाढ सगळीकडे सारखी होत नाही आणि नेक हलतो. पुढे वाकेल की मागे, हे त्या तुकड्यावर ठरतं. अंदाजाने रॉड फिरवू नका, आधी मोजा.

तारा सुरात ठेवा आणि गिटार वाजवायच्या स्थितीत धरा, टेबलावर आडवी नको. पहिल्या फ्रेटवर कॅपो (सगळ्या तारा दाबून धरणारा चिमटा) लावा, सहावी तार शेवटच्या फ्रेटवर दाबा आणि आठव्या फ्रेटचा माथा व तार यांच्यातली फट बघा, हाच नेकचा बाक. १८४ च्या गोलाईला ०.३० मिमी योग्य. फीलर गेज मोटारीच्या सुट्या भागांच्या दुकानात मिळतो. नसेल तर जुन्या सेटमधल्या दोन तारांचे तुकडे वापरा: दहाची पहिली तार ०.२५ मिमी जाड असते, तेराची दुसरी ०.३३. पहिली फटीतून सहज गेली आणि दुसरी अडली तर बाक बरोबर आहे.

त्यानंतर नट, म्हणजे खुंट्यांच्या बाजूची तारांच्या खाचांची पट्टी. प्रत्येक तार तिसऱ्या फ्रेटवर दाबा आणि पहिल्या फ्रेटवर बघा. साध्या झेरॉक्सच्या कागदाएवढी, म्हणजे ०.१ मिमीच्या आसपास फट हवी. शेवटी सतराव्या फ्रेटवर तारांची उंची: सहावी २.० मिमी, पहिली १.६ मिमी. मोकळी तारच झणझणत असेल तर नट, पहिल्या पाच फ्रेटवर झणझणत असेल तर बाक कमी, बारानंतर झणझणत असेल तर उंची कमी किंवा एखादा फ्रेट वर आलेला. तंबोऱ्यात जवारी मुद्दाम काढतात, इथे ती कुठून येते हे शोधायचं असतं.

२ चं कारण असं. फिंगरबोर्ड मध्ये उंच आणि कडांना उतरता आहे. पहिली तार कडेवरून मध्याकडे ओढली की ती चढावर जाते, पण ब्रिजवरचं तिचं टोक खालीच राहतं. मग पुढचे फ्रेट तिला आडवे येतात आणि आवाज मरतो. उपाय म्हणजे पहिल्या दोन तारा वर घ्या. १.६ वर मरत असेल तर १.८ करा. पुष्कळ जण सुचवतात की फ्रेट घासून गोलाई सपाट करून घ्या, २४१ मिमीची करा. हिशोब करून बघा: तेवढी सपाटी आणायला वरच्या फ्रेटच्या मध्यावरून जवळजवळ अर्धा मिमी काढावा लागेल. जुन्या मापाचा फ्रेट असतोच १.१ मिमी उंच. त्यातून अर्धा गेला तर दाबायला काही उरत नाही. बाराव्याच्या पुढे ०.१ मिमीपर्यंत उतार देणं ठीक, त्याहून जास्त कोणालाही करू देऊ नका.

सहातारी

मोजलं. आठव्या फ्रेटला फट नाहीच, तार टेकतेय. नट ठीक आहे, कागद अडतो. सतराव्यावर सहावी १.८, पहिली १.४. मोबाईल आर्द्रता ८४ टक्के दाखवतो.

रंधा

मग नेक मागे गेलाय. रॉड सैल करायचा. उंची त्यानंतर ठरवायची, आत्ता सॅडलला हात लावू नका. मोबाईल दाखवतो ती बाहेरच्या हवेची आर्द्रता. खोलीसाठी छोटा आर्द्रतामापक घ्या आणि तो तपासा: बाटलीच्या झाकणात चमचाभर मीठ, त्यात ओलसर होण्यापुरतं पाणी, मापकासोबत झिपच्या पिशवीत बंद करून बारा तास. आत ७५ टक्के दिसायला हवं. जो फरक दिसेल तो कायम वजा-जमा करा.

या नेकमधला रॉड जुन्या पद्धतीचा, एकाच बाजूला ओढणारा आहे. आवळला की नेक मागे जातो, सैल केला की तारांच्या ताणाने पुढे येतो. त्याचं तोंड बॉडीत असल्यामुळे नेक उचलावा लागतो:

तारा तीन-चार स्वर उतरवा, पूर्ण काढू नका. पहिल्या फ्रेटवर कॅपो लावा म्हणजे ट्यूनिंगच्या खुंट्यांवरचे वेटोळे सुटत नाहीत. कॅपोचं रबर लॅकरवर तासन्‌तास ठेवू नका, काम झालं की लगेच काढा. गिटार टॉवेलवर ठेवून मागच्या पट्टीचे चार स्क्रू थोडे थोडे करून सारखे सैल करा. खुंट्यांच्या बाजूच्या दोन स्क्रूंना दोन-तीन फेरे, ब्रिजच्या बाजूच्या दोघांना जास्त. नेक तिरका उचलला की अधिकच्या खुणेचा रॉडचा नट दिसेल. खाचेत घट्ट बसणारा स्क्रूड्रायव्हर घ्या. लहान टोकाचा घेतला तर खाच चिरडते, आणि ती एकदा चिरडली की नेक कारागिराकडे पाठवावाच लागतो. डावीकडे आठवा हिस्सा फेरा, बस. नेक बसवा, सुरात आणा, मोजा. लागलं तर पुन्हा आठवा हिस्सा.

स्क्रू परत घालताना आधी उलटा फिरवा, जुन्या आट्यात "टक" करून बसल्याचं बोटाला कळतं, मग आवळा. नाहीतर मेपलमध्ये नवे आटे पडतात आणि दोन-चार वेळांत भोक सैल होतं. स्क्रूला मेणबत्ती घासून घ्या. बॉडीतली भोकं स्क्रूच्या बाहेरच्या मापाची, म्हणजे स्क्रू नुसता आरपार जाईल अशी हवीत. बॉडीतही आटे धरत असतील तर नेक आणि बॉडी पूर्ण मिळत नाहीत, मध्ये केसाएवढी फट राहते. हाती घडवलेल्या गिटारीत हे बघून घ्यावं, राहून जातं.

सगळं बसल्यावर, तारा सुरात असताना, चारही स्क्रू पाव फेरा सैल करा. कधी कधी बारीक "कट" आवाज येतो, म्हणजे नेक खोबणीत नीट टेकला. मग पुन्हा घट्ट करा.

रॉडचा नट पूर्ण मोकळा झाला आणि तरी फट आली नाही, तर थांबा. रॉडकडे देण्यासारखं काही उरलेलं नाही. तेव्हा ११-४९ तारा लावून बघतात, आणि त्यानेही झालं नाही तर नेक कारागिराचा.

चंद्रुस

लॅकरबद्दल. स्टँड आजच बदला. स्टँडच्या काळ्या फोममध्ये आणि रबरात प्लास्टिक मऊ ठेवणारी द्रव्यं असतात, ती नायट्रोसेल्युलोजमध्ये उतरतात आणि त्याला विरघळवतात. पॉलियुरेथेनला काही होत नाही, म्हणून दुकानातल्या गिटारी त्याच स्टँडवर वर्षानुवर्षं नीट राहतात. जाड सुती कापडाचे दोन-तीन थर गुंडाळले तर काही काळ चालतं, पण कापड दर महिन्याला बदला. सगळ्यात बरी जागा म्हणजे पेटी. पेटीतही पीव्हीसीची केबल गुंडाळून बॉडीवर ठेवू नका. केबलच्या वेटोळ्यांचे खोल ठसे उमटतात, ते निघत नाहीत. रेग्झिनचा पट्टा वाजवून झाल्यावर काढा. डांबराच्या गोळ्याही पेटीत नकोत, बंद जागेत त्यांची वाफ साचते आणि लॅकर व प्लास्टिक दोन्हीला धोका.

कोकणात आणखी एक गोष्ट फार महत्त्वाची. डास पळवायच्या ज्या मलमात किंवा फवाऱ्यात डीट आहे ते हाताला लावून गिटार धरू नका. डीट लॅकर आणि प्लास्टिक दोन्ही विरघळवतं. दंड जिथे बॉडीवर टेकतो तिथे एका संध्याकाळीत धुकट डाग पडतो. पाठीवरची अक्षरं वाचा, मग लावा.

खात्री करायची असेल की लॅकर खरंच नायट्रो आहे, तर नेकच्या खोबणीत किंवा कंट्रोलच्या पत्र्याखाली, दिसणार नाही अशा जागी कापसाच्या काडीने अ‍ॅसिटोनचा एक थेंब लावा. नायट्रो लगेच मऊ होऊन काडीला रंग लागतो, पॉलियुरेथेन तसंच राहतं. "जुन्या धाटणीचं" म्हणून विकलेल्या गिटारीत आत पॉलियुरेथेन आणि वर नायट्रोचा पातळ हात, असंही असतं.

चिकटपणाला दोन कारणं असतात, आधी ती वेगळी करा. सुती कापडावर थोडा नॅफ्था घ्या, सिगारेट लायटरचं इंधन म्हणून बाटलीत मिळतो तो. खिडकी उघडी ठेवून, ज्योतीपासून लांब, नेकची पाठ पुसा. चिकटपणा गेला तर तो घामाचा आणि तेलाचा थर होता. नॅफ्था पूर्ण वाळलेल्या नायट्रोला धक्का लावत नाही. स्पिरिट, सॅनिटायझर, थिनर, अ‍ॅसिटोन यांतलं काहीही चालणार नाही, आणि रॉकेल तेलकट थर सोडतं. पुसूनही चिकट राहिलं तर लॅकर अजून पूर्ण वाळलेलं नाही किंवा घामाने मऊ पडलंय. नायट्रो वरून दोन-तीन दिवसांत कोरडं लागतं, पण त्यातला द्रावक निघायला महिने जातात. नव्या गिटारीला तो गोड वास येतो तोवर ती दिवसाचे काही तास पेटीबाहेर, मोकळ्या हवेत हवी.

मऊ पडलेली पाठ २००० नंबरच्या पॉलिश पेपरने, कोरडीच, नेकच्या लांबीच्या दिशेने हलकी घासा, चमक मोडून मखमली होईल एवढीच. हात सरकायला लागतो. भांडी घासायचा हिरवा स्क्रबर वापरू नका, तो फार खरखरीत. स्टील वूल तर गिटारीजवळ आणूच नका: त्याचा चुरा पिकअपच्या चुंबकांना चिकटतो आणि आत जाऊन तारेचं वेटोळं कापू शकतो. फिंगरबोर्डचं लॅकर घासू नका. त्यावर खोबरेल किंवा लिंबाचं तेलही नको. तेल उघड्या लाकडाला देतात, मेपलवर लॅकर आहे.

ठसा उथळ असेल तर तो तसाच राहू द्या. घासून काढायला गेलात तर रंग उडेल.

कथील

४ बद्दल. वायरिंग चुकलेलं नाही, कारागिराने फार प्रामाणिकपणे जुनं केलंय. १९५२ च्या उत्तरार्धापासून १९६७ पर्यंत टेलिकास्टरची कळ अशी होती: ब्रिजच्या बाजूला ब्रिज पिकअप टोनसह, मध्ये नेक पिकअप टोनसह, आणि नेकच्या बाजूला तोच नेक पिकअप मोठ्या कपॅसिटरमधून, टोनची घुंडी बाद. तो बोजड आवाज मुद्दाम केलेला आहे. फेंडरने १९५१ च्या शेवटी प्रिसिजन बास आणला. त्याआधी गिटारनेच बासच्या जागी वाजावं ही गरज होती, हा गडद सूर त्याच विचारातला. दोन्ही पिकअप एकत्र ही सोय कारखान्यातून १९६७ पासून आली.

बदलायचं असेल तर तासाभराचं काम आहे, आणि पूर्ववत करता येतं. आधी फोटो काढा. जुना कपॅसिटर आणि कापडी वेष्टणाची वायर लेबल लावून जपून ठेवा. कळीला दोन बाजू असतात, प्रत्येकीला एक समाईक टोक आणि तीन जागांची तीन टोकं. पहिल्या बाजूच्या १ आणि २ ला जोडून ब्रिज पिकअपची गरम (सिग्नल नेणारी) वायर लावा. दुसऱ्या बाजूच्या २ आणि ३ ला जोडून नेक पिकअपची गरम वायर. दोन्ही समाईक टोकं एकत्र करून व्हॉल्यूमच्या आत येणाऱ्या टोकाला न्या. तिथूनच टोनकडे, आणि टोनवर ०.०५ किंवा ०.०४७ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर. पॉट (घुंडीखालचे रोध कमी-जास्त करणारे भाग) २५० किलोओहमचे, ऑडिओ टेपर.

पॉट नवे घेताना दांडी मोजा. जुन्या धाटणीच्या घुंडीला बाजूने स्क्रू असतो आणि ती ६.३५ मिमीच्या गुळगुळीत भरीव दांडीवर बसते. बाजारात सर्रास मिळतात ते ६ मिमी दांडीचे छोटे पॉट. त्यावर घुंडी तिरकी बसून डोलते, आणि पत्र्याचं साडेनऊ मिमीचं भोकही त्यांच्या मानेला मोठं पडतं.

जोडल्यावर कळ मध्ये ठेवून ऐका. आवाज बारीक, पोकळ, नाकातून आल्यासारखा असेल तर दोन पिकअप एकमेकांच्या विरुद्ध फेजमध्ये आहेत. नेक पिकअपच्या दोन वायरी सरळ अदलाबदल करू नका. त्याचं धातूचं झाकण एका छोट्या पट्टीने काळ्या वायरीला जोडलेलं असतं. अदलाबदल केली की झाकणच गरम बाजूला जातं आणि हात लागला की गुणगुण वाढते. आधी ती पट्टी कापून झाकणाला स्वतंत्र अर्थची वायर द्या, मगच बदला.

५, शिट्टी. अ‍ॅम्पसमोर उभं राहून पिकअपला बोटाने हलकं टकटक करा. मायक्रोफोनसारखा ठक्क आवाज मोठा येत असेल तर आत काहीतरी सैल आहे. संशयित तीन, याच क्रमाने. एक, ब्रिजचा पत्रा. तो पातळ पोलादाचा, कडा वर वळलेला, आणि चारच स्क्रूंवर मागच्या बाजूने धरलेला. पुढची कड लाकडावर टेकत नसेल तर ती थरथरते. तारा काढून पत्र्याखाली कागद सरकतो का बघा. सरकला तर पत्रा सपाट करून घ्यावा लागेल. दोन, पिकअप पत्र्याला धरणारे तीन स्क्रू. त्यांच्यावर रबरी नळीचे तुकडे असतील तर ते सुकलेत का बघा, स्प्रिंग असेल तर ती ताणलेली हवी. तीन, पिकअपच्या तळाची तांब्याचा मुलामा दिलेली पोलादी पट्टी सुटलेली, किंवा वेटोळ्यात मेण पूर्ण मुरलेलं नाही.

तिसऱ्यासाठी मेण पाजावं लागतं. पॅराफिन ८० भाग, मधमाश्यांचं मेण २० भाग. भांडं पाण्याच्या भांड्यात ठेवून तापवा, थेट आचेवर कधीही नाही, मेणाची वाफ पेट घेते. थर्मामीटर हवाच, ६५ अंशांच्या वर जाऊ देऊ नका. पिकअप बुडवा, बुडबुडे येतात, ते थांबेपर्यंत ठेवा, साधारण वीस मिनिटं. तळपट्टी जुन्या मेणाने धरलेली असेल तर ती तिथे सुटते, म्हणून आधीच दोऱ्याने बांधून घ्या. बाहेर काढून पुसा, थंड होईपर्यंत हलवू नका. आधी आणि नंतर मल्टिमीटरने रोध मोजा. ब्रिज पिकअपचा बहुतेकदा ६ ते ८ किलोओहममध्ये असतो. आधी आकडा होता आणि नंतर अनंत दाखवत असेल तर तार तुटली. तार केसापेक्षा बारीक असते, आणि बाहेर नेणाऱ्या वायरीचा सांधा हीच कमजोर जागा. हमी शिल्लक असेल तर हे काम कारागिराकडूनच करून घ्या.

गुणगुणीबद्दल विचारलं नाहीये, पण विचाराल. तारांना हात लावल्यावर गुणगुण कमी होते, ते बरोबर आहे. हात लावल्यावर वाढत असेल तर ब्रिजची अर्थ वायर तुटलेली किंवा जॅकवर दोन वायरी उलट्या. तांब्याची पट्टी लावणार असाल तर टेलिकास्टरमध्ये दोन जागा सांभाळा: कंट्रोलची खोबण इतकी अरुंद की कळीची टोकं भिंतीच्या तांब्याला टेकतात, आणि जॅकच्या भोकात प्लग घातल्यावर गरम पाकळी बाजूला वाकून तांब्याला लागते. दोन्हीत आवाज पूर्ण बंद. तिथे आत इन्सुलेशन टेप हवी. जॅकचा कप सैल होऊन फिरत असेल तर नुसता बाहेरचा नट आवळू नका, आतल्या वायरी पिळवटून तुटतात. आतून जॅक धरून आवळा.

अ‍ॅम्पची तीन पिनांची अर्थ पिन काढून गुणगुण घालवायचा सल्ला कोणी दिला तर मानू नका. पावसाळ्यात ओल्या पायाने २३० व्होल्टशी खेळ नको. ब्रिजला टेस्टर लावून पेटतो का बघणं ही पाच सेकंदांची तपासणी आहे.

जवारी

६ चं गणित. तीन सॅडल म्हणजे दोन दोन तारांना एक: सहावी-पाचवी, चौथी-तिसरी, दुसरी-पहिली. ही रचना झाली तेव्हाच्या सेटमध्ये तिसरी तार गुंडाळलेली असायची, त्यामुळे चौथी आणि तिसरी एका रेषेत बऱ्यापैकी जुळायच्या. आताच्या १०-४६ मध्ये तिसरी साधी, १७ ची. साध्या तारेचा पोलादी गाभा जाड, म्हणून दाबल्यावर ती जास्त चढते आणि तिला लांबी जास्त लागते. तिचा टेकायचा बिंदू मागे हवा, चौथीचा पुढे. सरळ सॅडलवर दोन्ही होत नाही.

तीन मार्ग. तिसरी गुंडाळलेली घ्या, १८ किंवा २० ची. सूर जुळतो पण ती ओढणं अवघड. किंवा तिरके घडवलेले पितळेचे सॅडल, त्याच पत्र्यावर बसतात, स्क्रूच्या आट्यांचं माप इंची की मिलिमीटरी हे बघून घ्या. किंवा तसंच ठेवून फरक वाटून घ्या: चौथी जेवढी उतरते तेवढीच तिसरी चढी राहील अशा जागी सॅडल. बँडमध्ये तिसरा मार्ग पुरतो.

करताना तारा नव्याच हव्यात. गंजलेल्या तारेचं इंटोनेशन (सगळ्या फ्रेटवर सूर जुळवणं) लावणं म्हणजे वेळ वाया. आधी बाक आणि उंची, मगच हे. बाराव्या फ्रेटवर दाबलेला सूर हार्मोनिकपेक्षा चढा असेल तर मागचा स्क्रू आवळा, सॅडल मागे जातं. उतरा असेल तर सैल करून पुढे सरकवा. प्रत्येक वेळी पुन्हा सुरात आणून मग बघा. जाड तारा फक्त वरच्या फ्रेटवर खोट्या लागत असतील तर सॅडलला दोष देऊ नका, चुंबक तारेला ओढतंय. शेवटच्या फ्रेटवर दाबून पिकअपपासून अंतर जाड तारेखाली २.४ मिमी, बारीक तारेखाली २.० ठेवा.

समुद्राकाठी सॅडलच्या उंचीचे बारीक पोलादी स्क्रू गंजून पितळेत अडकतात. वर्षातून एकदा, पावसाआधी, काढून शिलाई मशीनच्या तेलाचं एक बोट लावून परत घाला.

सातवा_फ्रेट

माझ्याकडे अशाच घडणीची आहे, पण नेकवर शिसवी फिंगरबोर्ड. वरचं सगळं लागू होतं का?

रंधा

लॅकरच्या फिंगरबोर्डचं लागू नाही, बाकी होतं. टेलिकास्टरवर शिसवी फिंगरबोर्ड १९५९ पासून आला, तो उघडा असतो. पावसाळ्यात त्याला तेल देऊ नका, डिसेंबर-जानेवारीत कोरडा पांढुरका दिसला तर दोन थेंब पुरतात. हिवाळ्यात लाकूड आकसून फ्रेटची टोकं कडेला बोचू लागतील, तेव्हा घासण्याआधी एक महिना आर्द्रता पन्नासच्या आसपास ठेवून बघा, बरेचदा आत जातात. परदेशी नेणार असाल तर एक गोष्ट: २ जानेवारी २०१७ पासून डालबर्जिया (शिसवीच्या) गटातली सगळी झाडं साइट्सच्या, म्हणजे दुर्मिळ प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या, नियमात आली, पण २६ नोव्हेंबर २०१९ पासून, ब्राझीलची शिसवी सोडून, तयार वाद्यांना सूट आहे. तरी कारागिराकडून लाकडाचं नाव लिहिलेली पावती घेऊन ठेवा.

सहातारी

दोन वेळा आठवा हिस्सा, मिळून पाव फेरा सैल केला. दुसऱ्या दिवशी सकाळी फट ०.२८. झणझण गेली. पहिली १.८ वर घेतली, पंधराव्यावर आता पूर्ण स्वर टिकतो, सतराव्यावर अजून थोडा मरतो. ब्रिजच्या पत्र्याखाली पुढून कागद सरकतो, पिकअप अजून काढलेला नाही. मिठाच्या चाचणीत मापक ७१ दाखवत होता, म्हणजे ४ मिळवायचे. खोलीत ८० निघतात. पेटीत सिलिका जेल किती ठेवू?

रंधा

बंद होणाऱ्या कडक पेटीला २५० ग्रॅम, सुती पिशवीत, हेडस्टॉकखालच्या (खुंट्या असतात त्या टोकाखालच्या) मोकळ्या जागेत. लॅकरला टेकू देऊ नका. रंग बदलणारे दाणे घ्या. नारिंगीचे हिरवे झाले की ११० ते १२० अंशांवर ओव्हनमध्ये दोन तास, पूर्ण थंड करून परत. मापक पेटीतच ठेवा, ५० ते ६० मध्ये राहिलं की झालं. ४५ च्या खाली गेलं तर अर्धे दाणे काढा. गिटारच्या फोमच्या मऊ पिशवीत सिलिका काही करू शकत नाही, ओल शिलाईतून आत येत राहते. पेटीचं अस्तर ओलसर लागलं तर पेटी उन्हात ठेवा, गिटार नाही. एसीच्या खोलीतून बाहेर नेताना पेटी बंदच ठेवून तासभर थांबा, नाहीतर गार लॅकरवर दव धरतं.

आता रॉडला हात लावू नका. पेटीत ५५ आल्यावर नेक पुन्हा थोडा हलेल, त्याला तीन आठवडे द्या आणि मग मोजा. पावसाळा संपल्यावर, ऑक्टोबरच्या उष्म्यानंतर एकदा आणि जानेवारीत एकदा मोजून आकडे पेटीच्या झाकणात चिकटवून ठेवा: तारीख, आर्द्रता, आठव्या फ्रेटची फट, सतराव्यावरच्या दोन उंच्या, रॉड कुठल्या बाजूला किती फिरवला. पुढच्या जूनमध्ये रॉडचा नट कुठे ठेवायचा ते त्यावरून कळेल.

पत्रा बाहेर काढाल तेव्हा काचेवर उलटा ठेवून बघा, कुठला कोपरा उचललेला आहे ते दिसेल. सपाट करायला हातोडी नको. दोन लाकडी ठोकळ्यांमध्ये धरून शिकंजात हळू आवळायचं, सोडायचं, पुन्हा काचेवर बघायचं. तो बसल्यावर शिट्टी गेली तर मेण तापवायची गरजच नाही.